कच्चे लिंबू आणि खरा डाव

मुलांच्या खेळात आपल्याकडे ‘कच्चे लिंबू’ नावाची एक सोय आहे. लहान किंवा अधू मुलाला डावात घ्यायचे. पण ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. सोय मायेची खरी, पण तिच्यात एक मेख आहे. ज्याला बाद होता येत नाही, त्याचे जिंकणेही कोणी मोजत नाही. अपंगांच्या खेळ-करमणुकीचा इतिहास चाळताना मला हा शब्द वारंवार आठवतो.

नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडच्या आश्रयाला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी रुग्णविभाग सुरू केला. असा रोगी अंथरुणाला खिळून शय्याव्रणांनी संपायचा, हीच तेव्हाची समजूत. गुटमननी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून हाती धनुष्यबाण दिला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, तिथे १६ जण तिरंदाजीची स्पर्धा खेळले. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. पुढे त्याच परंपरेत, १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे, सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक पटकावले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान उपचार म्हणून पाण्यात उतरला होता!

पण पदके थोड्यांनाच मिळतात. संध्याकाळ मात्र सगळ्यांची असते. मतिमंद म्हणून घरात कोंडलेल्या मुलांच्या संध्याकाळचे काय? अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या थोरल्या बहिणीच्याच, रोझमेरीच्या, वाट्याला ते जिणे आले होते. युनिसबाईंनी १९६२ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांचे शिबिर भरवले. पोहणे, चेंडू, घोड्यावरची रपेट, आणि सोबतीला शाळा-कॉलेजातली तरुण मुले. सोबत्यांच्या मनातली भीतीही तिथेच गळून पडली. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ झाले. सुमारे १००० खेळाडू धावले, पोहले. प्रेक्षागार मात्र जवळजवळ रिकामे होते. ज्यांना समाजाने पाहायचेच नाकारले, त्यांचा खेळ पाहायला कोण येणार?

आपल्या कायद्याची वाटचालही बोलकी आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने ‘खास’ करमणूक केंद्रांसाठी सवलतीच्या दरात जमीन देण्याच्या योजना सांगितल्या. म्हणजे अंगण दिले, पण वेगळे. २०१६ च्या कायद्याच्या कलम २९ ने मात्र इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवन जगण्याचा आणि करमणुकीचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला ‘पर्पल फेस्ट’ भरला, तेव्हा दिव्यांगांचे गाणे-नाचणे-खेळणे कुठल्या संस्थेच्या चार भिंतींत नव्हे, शहराच्या मधोमध उत्सव म्हणून झाले.

आता प्रश्न आपल्या गावाचा. गणेशोत्सवातल्या स्पर्धा, वाचनालयाचे सभागृह, शाळेचे मैदान, इथे चाकाची खुर्ची पोहोचते का? दृष्टिहीन मुलासाठी वाजणारा चेंडू आपण कधी आणला का? की खाऊचा पुडा हातात देऊन, छायाचित्र काढून, त्याला कडेला बसवले? खर्च फार नाही. नियम थोडे वळवावे लागतील, इतकेच. आणि नियम वळवणे आपल्या सीमाभागाला नवे नाही. एका गल्लीत मराठी आणि कानडी बोलणारी पोरे एकच डाव मांडत आली आहेत. कुणाच्या शब्दाने खेळायचे ते खेळता खेळता ठरते. त्याच समजुतीने या मुलांनाही डावात घेऊ या. त्यांच्यावरही राज्य येऊ दे, त्यांनाही बाद होऊ दे. मग जिंकल्यावर त्यांनी केलेला जल्लोष कुणाच्या दयेचा राहणार नाही.