परवान्याआधीचा डोंगर : देवनार आणि कचऱ्याचा कायदा

१/ मुंबईतील देवनारच्या खाजणात कचरा टाकण्यास १९२७ साली प्रारंभ झाला. त्यासाठी पर्यावरणविषयक परवाना घ्यावा लागला नाही. तो देणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. ती येईपर्यंत कचऱ्याचा डोंगर उभा राहिला होता.

२/ महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली आला. शहरांच्या कचऱ्यासाठी देशव्यापी नियम मात्र नव्हते. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

३/ त्या खटल्याच्या ओघात २५ सप्टेंबर २००० रोजी नगरी घनकचरा नियम जारी झाले. कचरा प्रक्रिया केंद्र वा भरावभूमी चालवण्यासाठी राज्य मंडळाचे प्राधिकारपत्र बंधनकारक ठरले. भरावभूमीच्या तळाशी अभेद्य थर, झिरपणारे दूषित पाणी गोळा करण्याची सोय, कचऱ्यावर मातीचे आच्छादन, भूजलाची तपासणी, अशा अटी आल्या.

४/ मुदतीही ठरल्या. जुन्या क्षेपणभूमी ३१ डिसेंबर २००१ पर्यंत सुधारायच्या, प्रक्रिया केंद्रे ३१ डिसेंबर २००३ पर्यंत उभारायची.

५/ खरा पेच येथेच होता. नव्या केंद्राला परवाना नाकारला, तर ते सुरू होत नाही. जुन्या क्षेपणभूमीला नाकारला, तर उद्याच्या गाड्या रित्या कोठे करायच्या? मंडळ नोटीस बजावू शकते. शहराचा कचरा थांबवू शकत नाही. मुदती उलटल्या, देवनार चालूच राहिले.

६/ जानेवारी २०१६ मध्ये देवनारला भीषण आग लागली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आधीपासून चाललेल्या एका प्रकरणात २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नियमभंगावर बोट ठेवले आणि पुनर्विकास वगळता शहरातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली.

७/ ८ एप्रिल २०१६ रोजी नवे घनकचरा नियम आले. दिवसाला पाच टनांहून अधिक कचरा हाताळणाऱ्या केंद्रांना प्राधिकारपत्र आवश्यक झाले. बांधकामबंदीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सशर्त स्थगिती दिली.

८/ कचऱ्याच्या परवान्याला वचक नव्हता, कारण तो रोखून धरण्याची किंमत शहरालाच मोजावी लागत होती. न्यायालयाने ती किंमत इमारतींच्या परवानगीत शोधली, तेव्हा देवनारचा प्रश्न डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांपुरता उरला नाही. मात्र त्या रहिवाशांनी धुराच्या रूपाने ती किंमत कित्येक वर्षे आधीपासूनच चुकती केली होती.