थंडीला तळ आहे

आमच्या गटातल्या एकीला कंबरेचा एमआरआय करायला सांगितला आणि ती घाबरली. "त्या बोगद्यात म्हणे खूप थंडी असते." तिच्यासाठी आम्ही वाचायला बसलो, तर भलतीच गोष्ट हाती लागली.

आधी गरमीचं. सूर्याच्या गाभ्यात साधारण दीड कोटी अंश. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१२ साली त्याच्या तीन लाख पटींहून जास्त तापमान मोजलं, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत विरून जाणारं. गरमी अशी वर वर जातच राहते. थंडीला मात्र तळ आहे, उणे २७३.१५ अंश. गरमी म्हणजे कणांची पळापळ. ती कमी करता करता आणखी कमी करायला काही उरतच नाही, तो हा तळ. तिथं पूर्ण पोचता येत नाही, जवळ जाता येतं.

आता मौज बघा. या थंडीची वाट सूर्यातून निघाली. १८ ऑगस्ट १८६८ ला आपल्या देशातून खग्रास ग्रहण दिसलं. गुंटूरला जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ मुद्दाम येऊन बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या उजेडात एक पिवळी रेघ दिसली. पुढं इंग्लंडात लॉकयर यांनी ती तपासली आणि ओळखीच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. नाव पडलं हेलियम, म्हणजे सूर्याचा. पृथ्वीवर हा वायू हाती लागायला १८९५ साल उजाडलं.

हा वायू काही केल्या पातळ होईना. हॉलंडातल्या लायडन गावी कामरलिंग ओन्नेस यांनी त्यासाठी कारखानाच उभा केला. यंत्रं फ्लिम यांनी जुळवली, काचेची भांडी केसेलरिंग यांनी फुंकली. १० जुलै १९०८ ला पहाटेच काम सुरू झालं. दुपारी जेवायला उसंत नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी एलिझाबेथ ब्रेड घेऊन आल्या आणि काम चालू असतानाच त्यांना घास भरवले. (हे वाचून गटात सगळ्या हसल्या. घरोघरी तेच!) संध्याकाळी तापमान उतरायचं थांबलं. हेलियम मात्र कुठं दिसेना. भेटीला आलेले एक प्राध्यापक म्हणाले, भांड्याला खालून उजेड दाखवा. दाखवला, तर पातळ हेलियम तिथंच होतं! उकळी आलेलं पाणी कितीही जाळ लावला तरी जास्त तापत नाही ना? तसंच हे हेलियम उणे २६९ अंशावर उकळत होतं. दिवसभराची कमाई चहाच्या कपाएवढी.

१९१३ चं नोबेल ओन्नेस यांना एकट्यांना मिळालं.

एमआरआयच्या बहुतेक मशीनच्या पोटात हेच पातळ हेलियम असतं. त्यातलं चुंबक त्यामुळं गार राहतं. आपल्या अंगाला ती थंडी लागत नाही, ती आत कोंडलेली असते. धडधड आवाज होतो, तो मशीनचाच. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना मात्र बाहेर काढून जा. शरीरात धातूची पट्टी किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. आमची मैत्रीण जाऊन आली. म्हणते, एसीच जास्त गार होता.