वऱ्हाडातली रॅले : एका सायकलीच्या ओळखीची हकिकत

चिखलदऱ्यात अलीकडे मुक्कामाच्या ठिकाणांच्या फाटकांशी जुन्या सायकली उभ्या दिसतात. आकाशी नाहीतर पिवळा रंग, कॅरिअरवर सदाफुलीची कुंडी. येणारे-जाणारे फोटो काढतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. किलोच्या भावाने भंगारात जाण्यापेक्षा हे बरे. पण नवा रंग देण्याआधी सायकल पार लोखंडापर्यंत घासतात, आणि मला जे वाचायचे असते ते त्या घासण्यात जाते.

दोन वर्षांपूर्वी रंगाऱ्याकडे निघालेली अशीच एक सायकल पाहण्यासाठी मला निरोप आला. मालक सत्तरीचे. त्यांचे वडील जंगल खात्यात नोकरीला होते आणि परतवाडा-चिखलदरा घाट सायकलवर करीत. "हे सायकल विलायतची हाय भाऊ," मालक म्हणाले, "बुढा सांगे का तिले तीन गिअर होते." समोरच्या सायकलीला एकही गिअर नव्हता. हँडलखालच्या पट्टीवर तर सेन-रॅलेचे नाव होते, म्हणजे आसनसोलचे. आधी येऊन गेलेल्या एका गिऱ्हाइकाने त्या पट्टीवरून बुढ्याच्या दोन्ही गोष्टी खोट्या ठरवल्या होत्या आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगितली होती.

रॅले कंपनी मूळची इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची, फ्रँक बोडेन यांनी 1880 च्या दशकाच्या अखेरीस वाढवलेली. तिच्या सायकली मुंबई बंदरात उतरत, जीआयपी रेल्वेने बडनेरा-अकोल्यापर्यंत येत. अचलपूरकडे माल नेण्यास 1913 पासून मूर्तिजापूरची छोटी गाडी, म्हणजे आपली शकुंतला, होतीच. कापसाचा पैसा हाती असलेल्या वऱ्हाडात सायकल ही आधी पैसेवाल्याची आणि वकिलाची वस्तू होती. मास्तर, पोस्टमन, जंगल खात्याचा माणूस हे नंतर आले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि देशी कारखाने उभे राहिले. वरळीची हिंद त्याआधीचीच. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने हर्क्युलिस काढली, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आली. आसनसोलजवळ कन्यापूरला सुधीरकुमार सेन यांच्या पुढाकाराने सेन-रॅलेचा कारखाना 1952 मध्ये सुरू झाला. तेथे रॅलेच्याच धर्तीवर सायकली बनत. म्हणून आपल्याकडची प्रत्येक जुनी रॅले विलायती नसते. घरोघरी मात्र ती विलायतीच सांगितली जाते.

पट्टीवर भरवसा ठेवू नये, हे मी अनुभवाने शिकलो. ती दोन रिबिटांवर बसते. मिस्त्रीला दहा मिनिटांचे काम. नाव पुसले असेल तर आधी पायडलचे मोठे दातेरी चक्र पाहावे, कारण प्रत्येक कंपनीने त्याच्या कातकामात आपली खूण ठेवली आहे. रॅलेच्या चक्रात बगळ्यांची डोकी असतात, बीएसएच्या चक्रात तिची तीन अक्षरे, रजच्या चक्रात हाताचा पंजा, तर हंबरच्या चक्रात पाच माणसे. हंबरचा पुढचा चिमटाही दुहेरी नळ्यांचा असतो, लांबूनच ओळखू येतो. अर्थात चक्रही बदलता येते. बदलायला अवघड असते ती बीबीची खोबण. इतर इंग्रजी सायकलींच्या बीबीला इंचाला 24 आटे, रॅलेला 26. बाजारातला साधा कप रॅलेत दोन फेरे जातो आणि अडतो. कित्येक मिस्त्रींनी तो जोर लावून बसवला आणि आटे खाल्ले. ते खाल्लेले आटेही एक पुरावाच म्हणायचा.

मुलाम्यावरूनही काळ कळतो. साधारण 1930 पर्यंत निकेलचा मुलामा असे, तो जुना झाला की किंचित पिवळसर, उबदार दिसतो. त्यानंतर निळसर झाकेचा क्रोम आला. महायुद्धाच्या काळात क्रोम तुटीचा झाला, तेव्हा हँडल आणि रिमसुद्धा काळ्या रंगात आल्या.

चिखलदऱ्याची सायकल मी तीन दिवस पाहिली. पॉलिश पेपर हाती घेतला नाही. रॉकेलचा बोळा आणि बाभळीच्या काडीचे बोथट टोक, एवढ्यावर काम केले. अशी सावधगिरी माझ्यात पूर्वी नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी मी एक हंबर कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवली होती. वरचा हिरवा ऑइलपेंट सुटला, आणि त्याखाली दांड्यावर ब्रशने रंगवलेली देवनागरी अक्षरे दिसली: "सायकल स्टोअर्स, अको". पुढचे वाचण्याआत अक्षरे पाण्यावर तरंगली. अकोल्यातले हे दुकान कोणाचे, कधीचे, ते सांगणारा दुसरा कागद नाही. नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचा इतिहास तिकडच्या लोकांनी लिहून ठेवला आहे. तीच सायकल वऱ्हाडात कोणी विकली, कोणी डाग दिला, कोणी कर भरला, ते फक्त रंगावर आणि डागावर असते. मी ते एका दुपारी धुऊन टाकले.

या वेळी पहिला धागा कराच्या बिल्ल्याने दिला. नगरपालिका सायकलीवर वर्षाचा कर घेत आणि पावतीसोबत पत्र्याचा बिल्ला देत. तो पुढे लावला नाही तर दंड. इथे हँडलखाली एकाच स्क्रूवर तीन बिल्ले एकावर एक गंजून चिकटले होते. नगरपालिकेचे नाव झिजलेले, पण सर्वांत खालच्यावर 1949-50 वाचता आले. तो उचलल्यावर खाली रुपयाएवढा काळा इनॅमल नव्यासारखा चकचकीत निघाला, त्यावर कारखान्यातली सोनेरी रेघ शाबूत. म्हणजे मूळ रंगाची ही सायकल आसनसोलचा कारखाना सुरू होण्याच्या आधीच रस्त्यावर होती. मग पट्टीच्या कडेला खरवडले, तर रिबिटांची आणखी दोन भोके लांबीने बुजवलेली सापडली. सेन-रॅलेची पट्टी मागाहून बसवलेली. बीबीत 26 आटे, चिमट्याच्या खांद्यावर रॅलेच्या दोन गोल टोप्या. बुढ्याची पहिली गोष्ट खरी होती.

गिअरचे प्रकरण अधिक रंजक. इंग्लंडात स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरचे हब 1902 पासून बनू लागले. त्यातला एडब्ल्यू हा प्रकार 1936 चा. या हबच्या कवचावर बनल्याचे वर्ष ठोकलेले असते, ही तारीख शोधणाऱ्याला पर्वणीच. पण इथे मागचे चाक लुधियानाच्या साध्या फ्रीव्हीलचे. हब गेले, तरी हब जिथे बसे ती जागा उरते. तीन गिअरच्या हबचा आंस फिरू नये म्हणून त्याला जीभ असलेले वायसर लावतात. ती जीभ चाक बसण्याच्या खाचेत रुतून खूण करते. दोन्ही बाजूंना ती खूण होती. शिवाय दांड्याच्या मागच्या टोकाशी, सीटच्या नळीला लागून, वरच्या रंगाखाली एक करंगळीच्या पेराएवढा पट्टा उमटलेला. गिअरच्या तारेची कप्पी ज्या क्लिपवर बसे, तिची ही जागा. बुढ्याची दुसरी गोष्टही खरी.

त्याला गिअर का परवडला असेल, हे घाट चढल्यावर कळते. परतवाडा ते चिखलदरा तीसेक किलोमीटरच्या वाटेत सुमारे साडेसातशे मीटर वर जावे लागते. पुढे 46 आणि मागे 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरांहून थोडी अधिक जाते. एडब्ल्यूच्या खालच्या गिअरमध्ये ती पाऊणपट होते, म्हणजे सव्वाचार मीटर. अवघड वळणांवर तरीही उतरून ढकलावीच लागत असणार, मला तर आजही लागते. उताराची साक्ष रिममध्ये आहे. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला घासते. या पुढच्या रिमवर दोन्ही कडांना मुलामा पार जाऊन खोलगट चर पडले आहेत. मैदानातल्या सायकलीचे असे झिजलेले मी पाहिले नाही.

आता दुरुस्तीचे. कॉटरपिन काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेका दिला, पिनेवर नट तसाच ठेवला आणि एकच घाव घातला. दहा हलके घाव पिनेला वाकवतात. आतले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले. छर्रे बदलले: बीबीला आणि मागे पाव इंची, पुढच्या हबला तीन-सोळांश. उघड्या लोखंडावर जवसाचे तेल पातळ चोळून पुसले. आपल्याकडे जवस घरचे, आणि जंग धरण्याचे काम ते चोख करते. नवा रंग कुठेच दिला नाही.

अकोल्याच्या भंगारात 51 सालचे एडब्ल्यू हब मला मागे मिळाले होते. ते या चाकात बसवावे असे मालकांच्या मुलाला वाटत होते. मी नको म्हटले. दुसऱ्या सायकलीचे हब घातले की बुढ्याची गोष्ट दिसायला पुरी होईल, पण उद्या पाहणारा तेच मूळचे समजेल. लुधियानाचे चाकही याच घरात झिजले आहे. मिस्त्री मित्रांपैकी दोघांना हा माझा हट्ट वाटतो.

सायकल आता ओसरीवर आहे, बिल्ले जागच्या जागी. मालक तिच्यावरून मोथ्यापर्यंत जाऊन आले. फाटकाशी शोभेला एक दुसरी आणली आहे, परतवाड्याच्या भंगारातून. ती आकाशी रंगाची होणार आहे. रंगाऱ्याकडे जाण्याआधी तीही मी एकदा रॉकेलने पुसून पाहिली.