कुएलाप

कुएलाप : उत्तर पेरूच्या आमासोनास विभागातील प्राचीन तटबंद गिरिस्थान. चाचापोया लोकांनी ते उत्कुबांबा नदीच्या खोऱ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मी. उंचीच्या डोंगरधारेवर बांधले. अँडीजच्या या पूर्वेकडील भागात ॲमेझॉनच्या खोऱ्यातून येणारे दमट वारे अडतात आणि रान वर्षाचा बराच काळ धुक्यात बुडालेले असते. ‘चाचापोया’ हे नाव इंकांकडून आलेले असून त्याचा संबंध ढगांशी किंवा ढगांतल्या रानाशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती मात्र सर्वमान्य नाही.

बांधकामाला इ. स. सहाव्या शतकाच्या सुमारास सुरुवात झाली व पुढे कित्येक शतके त्यात भर पडत गेली. स्थळाची लांबी सुमारे ६०० मी., रुंदी ११० मी. चुनखडीच्या घडीव चिऱ्यांचा बाहेरचा तट काही ठिकाणी २० मी. उंच आहे. मात्र हा दोन्ही बाजूंनी मोकळा उभा असलेला तट नव्हे. त्याच्या पाठीशी दगडमातीची भर घालून माथा सपाट केलेला आहे. म्हणजे रचनेने ती एक प्रचंड धारकभिंत होय. आत जायला तीनच वाटा आहेत. दोन्ही अंगांना उंच भिंती असलेल्या या बोळी आत जाता जाता इतक्या अरुंद होतात, की शेवटी एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. यावरून कुएलाप हा लष्करी किल्लाच होता, असे पूर्वी मानत. पण आत ४०० हून अधिक घरांचे अवशेष आहेत, तेव्हा ते मुख्यतः नांदते गाव आणि धार्मिक-राजकीय केंद्र असावे, हे मत अधिक पटणारे आहे.

घरे बहुतेक गोल, दगडी जोत्यावरची; छपरे शंकूसारखी, गवताने शाकारलेली. काही भिंतींवर नागमोडी व शंकरपाळ्यांच्या आकाराच्या नक्षीचे पट्टे आहेत. घरांत धान्य वाटण्याचे दगड व गिनीपिग पाळण्याचे कप्पे सापडले. मृतांना जमिनीखाली किंवा भिंतींच्या पोकळीत ठेवीत. दक्षिण टोकाला ‘तिन्तेरो’ (दौत) नावाची इमारत असून ती पायथ्यापेक्षा माथ्याला रुंद आहे. तिचा वापर धार्मिक विधींसाठी होत असावा. उत्तरेच्या बाजूस एक बुरूज आहे.

इंकांनी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख जिंकला. कुएलापमधील मोजक्या चौकोनी इमारती त्यांच्या काळातल्या. स्पॅनिश सत्ता आल्यावर, १५७० च्या सुमारास, वस्ती उठली. १८४३ मध्ये चाचापोयास येथील न्यायाधीश हुआन क्रिसोस्तोमो निएतो जमिनीच्या एका तंट्यासाठी या भागात आले असता स्थानिक लोकांनी त्यांना हे अवशेष दाखवले. बाहेरच्या जगाच्या दृष्टीने हा ‘शोध’. आसपासच्या गावकऱ्यांना ती जागा ठाऊक होतीच.

२०१७ मध्ये नुएवो तिंगोहून रज्जुमार्ग सुरू झाला आणि पर्यटकांची चढण वाचली. तटाला खरा धोका पाण्याचा. भरावात मुरलेले पाणी निथळले नाही, तर मातीचा दाब वाढून चिरे बाहेर ढकलले जातात. एप्रिल २०२२ मध्ये जोरदार पावसानंतर दक्षिणेकडील तटाचा एक भाग कोसळला. त्यामुळे बंद केलेले हे स्थळ ऑगस्ट २०२३ मध्ये अंशतः खुले करण्यात आले.