कमरेवरून उतरलेली दौत

पितळेची वीत-सव्वा वीत लांबीची चपटी नळी. तिच्या एका टोकाला बाहेरच्या अंगाने जडवलेली, घट्ट झाकणाची छोटी डबी. नळीत बोरू, डबीत शाई. उस्मानी तुर्कस्तानातले कारकून ही जोडगोळी कमरेच्या शेल्यात तिरकी खोचून हिंडत. नळी शेल्यात उतरे, डबी वर अडून राही. त्यामुळे ती खाली घसरतही नसे आणि हाताशीही असे. वाटेत कुठे काही टिपायचे झाले की बोरू काढायचा, डबीचे झाकण उघडायचे आणि उभ्या उभ्या लिहायचे. तुर्की भाषेत या वस्तूला म्हणतात ‘दिवित’. हा शब्द दोनदा मोठ्याने उच्चारला की मराठी कानाला त्यातली आपली दौत ऐकू येते.

नाते पक्के आहे. अरबी ‘दवात’ फारसीतून मराठीत आली ती दौत झाली, हिंदीत दवात राहिली, तुर्कस्तानात गेली ती दिवित झाली. पण मराठी दौत म्हणजे शाईचे भांडे, एवढेच. ती बैठकीवर असते, लेखणी तिच्या शेजारी वेगळी असते. म्हणून तर आपण ‘दौत-लेखणी’ असा जोडशब्द वापरतो. तुर्की दिवितीत मात्र लेखणीही आली, शाईही आली. नुसत्या शाईच्या भांड्याला तिथे निराळा शब्द आहे : ‘होक्का’. हा होक्का म्हणजे अरबी ‘हुक्का’, लहान डबी किंवा कुपी. तोच शब्द आपल्याकडे पाण्याच्या भांड्यातून धूर ओढायच्या साधनाला चिकटला. म्हणजे तुर्कांचा कारकून हुक्क्यात बोरू बुडवतो आणि दौत कमरेला खोचतो!

मग मूळ अर्थ कोणता, भांडे की अख्खा संच? शब्दाच्या मुळाशी जाणाऱ्यांचे पारडे भांड्याकडे झुकते. अरबी दवात ही अरामी भाषेतल्या शाईवाचक शब्दाच्या घराण्यातली, असे काही अभ्यासक मानतात. हिब्रूतही शाईला ‘द्यो’ म्हणतात. शाईवरून शाईचे भांडे आणि भांड्यावरून संच, असा हा सरळ जिना. तो मान्य केला तरी मराठीचे कोडे सुटत नाही, कारण शब्द आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच दवात संचापर्यंत चढलेली होती. मध्ययुगीन अरबीत शाईची वाटी आणि बोरूंचा कप्पा असलेल्या अख्ख्या पेटीला दवातच म्हणत.

याचा ठसठशीत पुरावा कैरोच्या मामलुक दरबारात सापडतो. तिथे ‘दवादार’ नावाचा मोठा हुद्देदार असे. दवात अधिक फारसी ‘दार’, म्हणजे आपल्या हवालदार-किल्लेदारांचाच भाऊबंद. मधला एक ‘त’ तेवढा गळाला. सुलतानाची दौत सांभाळणे हे त्याचे मूळ काम. पण पंधराव्या शतकात कायतबे सुलतानाचा दवादार यशबक मिन महदी फौजा घेऊन मोहिमांवर जात होता, इतकी या पदाची पत वाढली होती. मामलुक सरदारांची बोधचिन्हे असत आणि ती पितळी भांड्यांवर, काचेच्या दिव्यांवर उमटवली जात. दवादाराचे चिन्ह होते कप्प्याकप्प्यांची लेखनपेटी. नुसती शाईची कुपी तिथे दिसत नाही.

मग आपल्या दौतीचा संच कोणी हिरावला? संशयाची सुई ‘कलमदान’ या शब्दाकडे जाते. पानदान, पिकदाणी, अत्तरदाणी यांच्याच घडणीचा हा फारसी शब्द. पेटीचा अर्थ कलमदानाने बळकावला, आणि दवातीच्या वाट्याला उरले ते आतले भांडे. हे वाटप होऊन गेल्यावर शब्द दख्खनेत उतरला असावा; तसे मानले तर मराठी अर्थाचा उलगडा होतो. बैठक मारून लिहिणाऱ्या आपल्या कारकुनाला ते भांडे पुरलेही.

कलमदानातल्या ‘कलम’चा वाद तर याहून चुरशीचा. अरबी ‘कलम’ ग्रीक ‘कालामोस’वरून, म्हणजे बोरूच्या काडीवरून आला, हे बहुतेकांना मान्य आहे. पण संस्कृतातही ‘कलम’ आहे! कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात कलम जातीच्या भाताचा उल्लेख केला आहे, कोशांत लेखणी हा अर्थही मिळतो. त्यामुळे कलम मूळचा आपलाच, असे अभिमानाने सांगितले जाते. मन मोहात पडते, पण ध्वनिनियम आडवा येतो. ग्रीक शब्दाचा सख्खा भाऊ रशियनमध्ये ‘सोलोमा’, म्हणजे पेंढा, असा आहे. जिथे ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’ आणि रशियनमध्ये ‘स’, तिथे संस्कृतात ‘श’ यायला हवा : शंभराला लॅटिनमध्ये केंतुम, रशियनमध्ये स्तो, संस्कृतात शतम्. तेव्हा कालामोसचे सख्खे भावंड संस्कृतात ‘श’ घेऊनच जन्मले असते. भाताचा कलम वेगळ्या कुळातला आणि लेखणीचा कलम उसना, हाच निवाडा पटतो. फारसीतून आलेल्या कलमाने मात्र आपल्याकडे चांगलाच जम बसवला : कायद्याचे कलम झाले, आणि बोरूसारखी तिरकी छाटलेली फांदी खुंटावर बांधली की आंब्याचेही कलम झाले.

लिहिण्याचे सामान अंगावर वागवायची रीत या सगळ्या शब्दांहून जुनी आहे. इजिप्तमधल्या सक्कारा इथे हेसी-रे या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या लाकडी फळ्या मिळाल्या, काळ इ.स.पू. 2650च्या सुमाराचा. फळीवरच्या हेसी-रेच्या खांद्यावरून दोरीने बांधलेला संच लोंबतो : काळ्या-तांबड्या शाईच्या दोन खळग्यांची पाटी, एक बटवा आणि बोरूंची नळी. इजिप्तच्या चित्रलिपीत ‘लेखक’ लिहायचा तर याच संचाचे चित्र काढत. त्या पाटीचे इजिप्शियन नाव पुढे हिब्रूत ‘केसेत’ होऊन शिरले, आणि बायबलमधल्या यहेज्केलाच्या ग्रंथात तागाची वस्त्रे ल्यालेल्या माणसाच्या कमरेला ही केसेतच लटकलेली आहे.

राहता राहिला जपान. तिथली ‘याताते’ दिवितीची जुळी बहीण शोभावी अशी : नळी आणि टोकाला डबी, फक्त आत बोरूऐवजी कुंचला. नावाचा अर्थ बाण ठेवायचा भाता, कारण योद्धे लिहिण्याचे सामान भात्यात ठेवत. कवी बाशो 1689 साली लांबच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हा वाटेतल्या पहिल्या कवितेला त्याने यातातेची सुरुवात म्हटले; तोक्योतल्या सेंजूला त्याचे स्मारक आहे. दोघींनी एकमेकींची नक्कल केली असेल का? तसे वाटत नाही. दोघींपुढे अडचण एकच होती : चालताना शाई सांडते. तुर्कांनी डबीत कच्च्या रेशमाचा बोळा घातला, जपान्यांनी कापूस किंवा दवण्याच्या जातीच्या झाडाची लव. बोळा शाई धरून ठेवतो आणि टोक टेकवले की हवी तेवढीच सोडतो. अडचण एक, तोडगा एक, म्हणून आकारही एक.

1884 साली अमेरिकेत वॉटरमनने आपल्या फाउंटन पेनचे पेटंट घेतले. शाईची डबी आता नळीच्या पोटातच शिरली, आणि संच कमरेवरून सदऱ्याच्या खिशात गेला. तुर्कांनी या पेनाला नाव दिले ‘दोल्मा कलेम’, भरलेली लेखणी. सारण भरलेल्या मिरच्यांना ते दोल्मा म्हणतात, तेच हे दोल्मा. मराठीने ‘झरणी’ हा शब्द घडवला. दिवित आणि दौत, दोघीही त्या नावांतून गळाल्या.