दोन संचांतून एक रणगाडा

पटावरील युद्धक्रीडा हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी गौण वाटण्याचा संभव आहे. परंतु १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झची युद्धक्रीडा अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारली, हे ध्यानी घेतल्यास तिचा उगम केवळ करमणुकीत नाही, हे स्पष्ट होते. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील 'लिटल वॉर्स'ने आणि डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ मधील 'वॉर गेम्स'ने ती घरोघरच्या मेजावर आणली. प्रस्तुत टिपणात तिच्या एकाच अंगाचा, म्हणजे प्लास्टिकच्या रणगाड्यांच्या जोडकामाचा, विचार करावयाचा आहे.

ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने १९६१ मध्ये शर्मन व पँथर या रणगाड्यांचे १:७६ प्रमाणातील संच विक्रीस आणले. संच मोजके आणि युद्धातील रणगाड्यांचे प्रकार मात्र अनेक. त्यामुळे मेजावरील सैन्य रणांगणापेक्षा विक्रेत्याच्या यादीचेच प्रतिबिंब ठरू लागले. ही उणीव दूर करण्यासाठी खेळाडू एका संचाचा सांगाडा व दुसऱ्याची तोफ घेऊन बाजारात न मिळणारा रणगाडा सिद्ध करू लागले.

या जोडकामाचे अर्थपूर्ण उदाहरण म्हणजे 'शर्मन फायरफ्लाय'. मूळ रणगाडाच एक जोडकाम होता: अमेरिकन शर्मनवर ब्रिटिश सतरा-पौंडी तोफ. मूळ बुरुजात ही तोफ सामावेना. म्हणून तिची गोळा भरण्याची बाजू आडवी वळविण्यात आली, बिनतारी यंत्र बुरुजामागे जोडलेल्या चिलखती पेटीत गेले आणि पुढील यंत्रतोफेच्या सैनिकाची जागा दारूगोळ्यास मिळाली. फायरफ्लायसाठी बहुतांशी वापरलेल्या एम४ए४ प्रकारात तर मोटारीची पाच एंजिने एकत्र जोडलेली होती आणि ती सामावण्यासाठी सांगाडा लांबविला होता.

प्रतिकृतीकारास हेच सर्व लहान प्रमाणात पुन्हा करावे लागते. तोफनळीची लांबी सुमारे ४.१९ मीटर, म्हणजे १:७६ प्रमाणात सुमारे ५५ मिलिमीटर. तिचा काही भाग बुरुजात दडतो. पेटी चिकटवावी लागते, यंत्रतोफेचे छिद्र बुजवावे लागते आणि सांगाडा कापून वाढवावा लागतो. यांतील प्रत्येक कृतीमागे एक ऐतिहासिक कारण उभे आहे. ते ठाऊक नसता केलेले जोडकाम म्हणजे निव्वळ कल्पनाविलास होय.

याहून मोठा धोका संख्येचा आहे. १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत ब्रिटिशांच्या चार रणगाड्यांच्या तुकडीत साधारणतः एकच फायरफ्लाय असे. उरलेले तीन ७५ मिलिमीटर तोफेचे असत. नवी तोफ दुर्मिळ होती आणि पायदळाविरुद्ध जुन्या तोफेचा स्फोटक गोळा अधिक उपयुक्त होता. लांब नळीमुळे फायरफ्लाय शत्रूच्या नजरेत भरे. म्हणून नळीचा पुढील भाग फिकट रंगवून ती आखूड भासविण्याचा प्रयत्न होई. जो खेळाडू सर्वच शर्मनांना लांब नळी लावतो, तो प्रत्येक रणगाडा अचूक करूनही लढाई खोटी करतो. कारण त्या तुकडीच्या नायकापुढील खरा प्रश्न, आपला एकुलता समर्थ रणगाडा केव्हा पुढे काढावा, हाच त्याच्या पटावरून नाहीसा होतो.

इतिहासलेखनासही हा न्याय लागू पडतो. प्रत्येक साधन तपासून घेतले, तरी त्यांचे परस्परप्रमाण चुकल्यास उभे राहणारे चित्र भ्रामकच ठरते.