शेगावला जाणारी पत्रे आणि घरात अडकणारा खेळ

१/
'सेवाग्राम' या नावामागे टपालाची एक तक्रार दडलेली आहे. वर्ध्याजवळच्या या खेड्याचे मूळ नाव सेगाव. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे आले आणि पुढे देशोदेशींच्या पत्रांचा ओघ त्या गावाकडे वळला. पण मुंबई-नागपूर लोहमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, शेगावही होते. सेगावची पत्रे शेगावला जाऊ लागली.

२/
१९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. नव्या नावात सेवेचा अर्थ होताच; शिवाय टपालाचा घोळही मिटला. या उपायाचे स्वरूप लक्षात घ्यावे. गाड्यांचा वेग वाढवावा लागला नाही की टपालवाल्यांची संख्या. दोष पत्त्यात होता, म्हणून दुरुस्ती पत्त्याची झाली.

३/
आज वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील घरांतली तक्रार निराळी आहे. व्हिडिओ गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, त्याचे चित्र घरी येते. पण बटण दाबल्यावर पात्र क्षणभर उशिरा हलते. 'मोठा प्लॅन घ्या' हा सल्ला तत्काळ मिळतो. पैसे जातात, खेळ मात्र तसाच अडखळतो. म्हणून आधी विचारायचे ते हे की पत्र नेमके कोठे अडकले?

४/
प्रथम अंतराचा हिशेब. वर्धा ते मुंबई लोहमार्गाने सुमारे ७६० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ८ मिलीसेकंद. प्रत्यक्ष मार्ग वळणाचा असतो, वाटेतील यंत्रेही थोडा वेळ घेतात. तरीही सर्व्हर मुंबईत असून विलंब १५० मिलीसेकंद दिसत असेल, तर दोष अंतराचा नव्हे. सर्व्हर युरोपात असेल, तर मात्र अंतराला दोष देणे रास्त आहे.

५/
विलंब मोजण्याचे साधन १९८३ च्या डिसेंबरात घडले. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी 'पिंग' लिहिले. पाणबुडीच्या शोधात ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्यावरून हे नाव आले. घरी प्रथम स्वतःच्या राउटरला पिंग करावे. तेथेच आकडे वरखाली होत असतील, तर मुंबईला दोष देण्याचे कारण उरत नाही.

६/
राउटरपर्यंतचाच मार्ग डळमळीत असेल, तर संशय वाय-फायवर. १९८५ मध्ये अमेरिकेने काही लहरीपट्टे परवान्याविना दळणवळणासाठी खुले केले. वाय-फायची वाट त्यातून मोकळी झाली. त्यांतील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर असे सारेच वापरतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंतींपुढे त्याचे बळ ओसरते. खात्रीची कसोटी म्हणजे केबल जोडून पाहणे. केबलवर खेळ सुरळीत चालला, तर दोष हवेतला.

७/
आता केबलवरही अडखळत असेल तर? येथे ऑक्टोबर १९८६ ची घटना आठवावी. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर. त्या मार्गावरील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार तुटली नव्हती. गर्दीत हरवलेली पाकिटे यंत्रे पुन्हापुन्हा पाठवीत होती आणि गर्दी अधिकच वाढवीत होती.

८/
व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय संयमाचा होता. पाकीट हरवले, तर ती गर्दीची खूण समजून पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा. आजचे इंटरनेट बव्हंशी याच शिस्तीवर उभे आहे.

९/
पुढे स्मृती-चिप स्वस्त झाल्या. एकही पाकीट हरवू नये म्हणून यंत्रांत मोठमोठ्या रांगा ठेवल्या गेल्या. पाकिटे हरवत नाहीत, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दी कळत नाही आणि रांग वाढत जाते. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना हा दोष स्वतःच्या घरच्या जोडणीत सापडला. त्याला 'बफरब्लोट' म्हणतात.

१०/
चित्रपटाला हे चालते; पुढची दृश्ये आधीच साठवता येतात. खेळाला चालत नाही, कारण पुढचे दृश्य तुमच्या बोटावर ठरायचे असते. सेकंदाला ६० चित्रे असतील, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलीसेकंद येतात. घरात कोणी लग्नाचे फोटो अपलोड करीत असेल, तर तुमचे बटण त्या फोटोंच्या मागे रांगेत उभे राहते.

११/
परीक्षा सोपी आहे. घर शांत असताना पिंग पाहावे, मग मोठी फाइल अपलोड करीत पुन्हा पाहावे. २० चे ४०० झाले, तर दोष रांगेचा. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांग आवरणारी 'कोडेल' पद्धत मांडली. राउटरमध्ये 'स्मार्ट क्यू मॅनेजमेंट' असल्यास ते सुरू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. वेग किंचित घटतो, विलंब मात्र पुष्कळ कमी होतो.

१२/
आणि सेगाव-शेगावचा घोळ घरातही घडतो. एकाच जाळ्यात दोन राउटर स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागले, तर दोन यंत्रांना एकच पत्ता मिळू शकतो. मग जोडणी अधूनमधून तुटते. पत्ते वाटण्याचे काम एकाच राउटरकडे ठेवावे.

१३/
सेगावपासून बर्कलीपर्यंत एकच धडा मिळतो. जाळे अडले की अधिक वेग मागण्याचा मोह होतो. पण सेगावला नवा पत्ता हवा होता, बर्कलीला संयम आणि गेटिस यांच्या घराला आखूड रांग. तेव्हा मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्याआधी राउटर, वाय-फाय, रांग आणि अंतर या क्रमाने तपासावे. ही तपासणी फुकट होते.